तयारीच्या सभेतली माझी साक्ष

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत सगळी मिळून वीस-बावीस घरं होती. बेळगाव, हुबळी, गदग अशा गावांहून नोकरीच्या पाठीमागे बेंगळुरात आलेली. स्वतःचं चर्च बांधण्याची ऐपत नव्हती, म्हणून कँटोन्मेंटमधल्या एका तमिळ चर्चच्या बाजूचा हॉल आम्हांला रविवारी दुपारी तीन ते पाच मिळायचा. आधी इंग्रजी उपासना, मग तमिळ लोकांची, आणि सगळं शहर जेवून लवंडलेलं असताना आमची. उरलेल्या वेळात उरलेली माणसं, असं माझी आई हसून म्हणायची. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते आवडायचं नाही. ते मंडळीच्या पाच पंचांमधले मुख्य होते.

पाळकसाहेब हुबळीहून तीन महिन्यांतून एकदा यायचे आणि त्याच रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, व्हायचं. वर्षातून चारच वेळा, त्यामुळे त्याची वाट पाहिली जायची. त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी तयारीची सभा असे. अप्पा पुढे उभे राहून दहा आज्ञा सावकाश म्हणत आणि मग विचारत, "कुणाच्या मनात स्वतःविषयी किंवा दुसऱ्याविषयी काही आहे का?" ज्याला सांगायचं असेल त्यानं उभं राहून सांगायचं. सांगितलं, पश्चात्ताप केला, की रविवारी भाकर मिळाली. नाही केला, तर मागच्या बाकावर बसायचं आणि ताट पुढून जाताना पाहायचं. उपासनेला यायला मनाई नसे. पण भाकर आणि द्राक्षरस नाही.

बहुतेक शुक्रवारी कुणी फारसं बोलत नसे. एखादा म्हणे, शेजाऱ्याशी भांडलो. एखादी म्हणे, सासूला उलट बोलले. अप्पा मान डोलावत आणि प्रार्थना होई. ते कडक होते, पण दुष्ट नव्हते. स्वतःच्या सख्ख्या भावाला दारूपायी त्यांनी दोन वेळा मागच्या बाकावर बसवलं होतं आणि दोन्ही वेळा, तो परत आला तेव्हा, त्याला मिठी मारून रडले होते. देवाच्या न्यायासनापुढे ओळखपाळख चालत नाही, हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मी ते त्यांच्याकडून उचललं. फक्त मिठी मारायची राहून गेली.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. मिशनच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी दोन वाजता मंडळीच्या मुलांचा वर्ग घ्यायचे. फळ्यावर तराजू काढायचा आणि मुलांना सांगायचं की, देव राजा पाहत नाही, भिकारी पाहत नाही, गोरा पाहत नाही, काळा पाहत नाही, त्याच्याजवळ माप एकच. मुलं गप्प ऐकायची. मला वाटायचं, माझ्या शिकवण्याचा प्रभाव पडतोय. खरं म्हणजे ती मला घाबरायची. माझा राग नाकाच्या शेंड्यावर होता आणि मी त्याला नीतीचं नाव दिलं होतं.

आता अक्कांविषयी. त्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या. रेल्वेतल्या फिटरची विधवा, शिवाजीनगरमध्ये एका बोळात दोन खोल्यांत राहायच्या, लहान मुलांच्या शाळेत आया होत्या. त्यांना एकच मुलगी, सहा-सात वर्षांची. अख्खी मंडळी त्यांना अक्का म्हणायची. प्रभुभोजनाच्या रविवारी सकाळी त्या बेकरीतून ताजा पाव घेऊन आमच्या घरी यायच्या. आई आणि त्या स्वयंपाकघरात बसून पावाच्या कडा काढायच्या आणि बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे करायच्या. कडा आम्ही खायचो, गुळाच्या चहात बुडवून. त्या दोघी खालच्या आवाजात अखंड बोलत असत. आईला बेंगळुरात मैत्रीण अशी तेवढी एकच होती.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी अक्कांच्या मुलीला विषमज्वर झाला. अठरा दिवस ताप उतरेना. मंडळीनं प्रार्थना केल्या, अप्पा दोन वेळा जाऊन डोक्यावर हात ठेवून आले. नंतर ताप उतरला. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण त्याच्या आधल्या आठवड्यातली एक गोष्ट फक्त मला माहीत होती.

शिवाजीनगरमध्ये कॅथलिकांचं मोठं चर्च आहे. सप्टेंबरात तिथे मरियेचा सण असतो. भगवी लुगडी नेसलेल्या बायका, फुलांच्या माळा, मेणबत्त्या, आणि मरियेची मूर्ती साडी नेसवलेली. हिंदू, मुसलमान, सगळे जातात. आम्ही जात नव्हतो. आमच्या आजोबांनी घर सोडलं, जमिनीचा वाटा सोडला, आईबापांच्या मयताला त्यांना कुणी बोलावलं नाही, ते सगळं मूर्तीपुढे हात जोडणार नाही एवढ्यासाठी. त्यामुळे आमच्या मंडळीत चोरीपेक्षा, दारूपेक्षा, मूर्तीपुढची मेणबत्ती मोठी. हिंदू शेजाऱ्याच्या गणपतीचा प्रसाद आम्ही नम्रपणे परत करायचो, तर मरियेचा तर विचारच नको.

मी शाळेतून परत येत होते आणि गर्दीमुळे त्या चर्चच्या फाटकाशी अडकले. आत, पायऱ्यांच्या खाली, अक्का चपला काढत होत्या. हातात लांब मेणबत्ती, डोक्यावर पदर. मी त्यांना हाक मारली नाही. मुलगी मरणाच्या दारात आहे हे मला ठाऊक होतं. पण माझ्या मनात पहिला विचार आला तो दुसऱ्या आज्ञेचा, मूर्तीपुढे वाकू नको. हे लिहिताना आजही मला स्वतःची लाज वाटते. त्या बाईच्या जवळ जाऊन, ताप किती आहे, एवढंसुद्धा मला विचारावंसं वाटलं नाही.

पुढच्या तयारीच्या शुक्रवारी अप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी उभी राहिले. माझा आवाज स्वच्छ होता. मी पाहिलं ते सांगितलं. अक्का पुढच्या बाकावर होत्या, बरी झालेली मुलगी मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. हॉलमध्ये बाहेरच्या जटक्याच्या घोड्याच्या टापा ऐकू येत होत्या.

"भगिनी, हे खरं आहे का?" अप्पांनी विचारलं.

"सरी, अण्णा. होय, गेले होते. मेणबत्ती लावली."

"हे आज्ञेविरुद्ध आहे, मान्य आहे?"

"चुकले. पोर हाताला लागत नव्हती. चुकले मी."

अप्पांचा चेहरा सैल झाला. प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण दुसऱ्या एका पंचांनी, जे अप्पांपेक्षा बारीक नजरेचे होते, विचारलं, "तुम्ही कधी तिथे जाणाऱ्यातल्या नव्हेत. तुम्हांला कुणी सांगितलं? मंडळीतल्याच कुणी नेलं का?"

अक्कांनी मुलीच्या अंगावर पदर ओढला.

"मंडळीत आणखी कुणी असं करत असेल, तर ते आम्हांला कळायला हवं. त्यांच्याही भल्याचं आहे."

"ते विचारू नका."

अप्पांनी समजावलं, वाट पाहिली, पुन्हा विचारलं. त्या मान खाली घालून मुलीच्या केसांतून बोटं फिरवत राहिल्या. शेवटी पाचही पंच बाजूला जाऊन बोलून आले. अर्धी कबुली ही कबुली नव्हे, असं ठरलं. नाव सांगेपर्यंत मागचा बाक. अक्कांनी मुलीला उचललं आणि त्या तिथल्या तिथे मागे जाऊन बसल्या. घरी येताना मी ताठ चालत होते. त्या रात्री आई जेवली नाही. मैत्रिणीसाठी वाईट वाटत असेल, असं मी समजले.

रविवारी पाव आणायला आणि कापायला मला सांगण्यात आलं.

अक्का दर रविवारी येत राहिल्या. मागच्या बाकावर बसत, गीतं म्हणत, आणि ताट फिरू लागलं की मुलीला जवळ ओढून खाली पाहत. मुलगी माझ्याच वर्गात होती. एकदा मी न्यायाच्या दिवसाबद्दल शिकवत होते, तर तिनं हात वर केला.

"टीचर, देव सगळ्यांना विचारणार?"

"सगळ्यांना."

"जे सांगत नाहीत त्यांना पण?"

"देवाला आधीच ठाऊक असतं."

"मग अम्मानं नाव नाही सांगितलं तर काय बिघडलं?" तिनं विचारलं. मी तिला दहा आज्ञा लिहून आणायला सांगितल्या. ती त्या लिहूनही घेऊन आली, सुबक अक्षरात.

अशा सहा प्रभुभोजनांनंतरची गोष्ट. सकाळी स्वयंपाकघरात मी पाव कापत होते, आई कडा वेगळ्या ठेवत होती. ती एकदम म्हणाली, "तिला मी नेलं होतं."

मला कळलंच नाही कुणाला.

"अक्काला. मी त्या दिवशी भाजी आणायला म्हणून गेले होते. आत खांबाजवळ उभी होते. तू मला पाहिलं नाहीस." मग तिनं उरलेलं सांगितलं. मी पाच वर्षांची असताना मला असाच ताप आला होता. डॉक्टरनं हात टेकले होते. तेव्हा आई एकटी त्या चर्चमध्ये गेली होती आणि मेणबत्ती लावून आली होती. अप्पांना तिनं कधी सांगितलं नाही. अक्कांची मुलगी तशीच पडली, तेव्हा तिला राहवलं नाही. "तिनं माझं नाव राखलं. तू उभी राहिलीस ना, तेव्हा मी पण उभी राहणार होते. पाय उचललेच नाहीत."

मी सुरी खाली ठेवली. मला आधी आईचा राग आला. मग वाटलं, म्हणजे मी ज्या मेणबत्तीविरुद्ध साक्ष दिली, तशीच एक मेणबत्ती माझ्यासाठी जळली होती. पण ते वाटणं फार वेळ टिकलं नाही. आई पुढे म्हणाली, "पुढच्या तयारीला मी उभी राहून सांगते. मला मागे बसवू देत. तिला तरी पुढे येऊ दे."

त्या वेळी माझं लग्न ठरत होतं. मुलगा एका पाळकाचा, मिरजेकडचा, शिकलेला. त्याच्या घरचे फार चौकस. मुलीची आई मूर्तीपुढे मेणबत्ती लावते आणि वर अनेक वर्षं लपवते, हे कळलं असतं तर काय झालं असतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. मी तीन महिने आईला समजावलं. अप्पांना मुख्य पंच म्हणून राहता येईल का, लोक काय म्हणतील, अक्कांना आता सवय झालीय, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. अक्कांना सवय झालीय, हे मी म्हटलं. मला ते शब्द जसेच्या तसे आठवतात. आई ऐकत गेली, ऐकत गेली आणि एक दिवस म्हणाली, "बरं, तुझं होऊन जाऊ दे."

माझं झालं. नवऱ्याला बेंगळुरातच नोकरी लागली आणि आम्ही राजाजीनगरला घर घेतलं. मुलं झाली. बघू म्हटलेलं तसंच राहिलं. प्रत्येक तयारीच्या सभेला अप्पा तोच प्रश्न विचारत आणि मी माझ्या मांडीवरच्या मुलाचं झबलं नीट करत बसे. मी वर्गात तराजू काढणं सोडून दिलं होतं. मुलांना देवाच्या प्रीतीबद्दल शिकवायला लागले होते. लोक म्हणत, लग्नानंतर बाई मऊ झाली.

अक्का आजारी पडल्या तेव्हा साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. पोटाचं काहीतरी होतं. उशिरा कळलं. मुलगी तेव्हा नर्सिंग शिकत होती. प्रभुभोजनाचा रविवार नुकताच होऊन गेला होता आणि पाळकसाहेब अजून गावात होते. त्यांचा नियम असा की रविवारी जे आजारी म्हणून येऊ शकले नाहीत, त्यांच्याकडे सोमवारी भाकर घेऊन जायचं. सोमवारी दुपारी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले. डब्यावर स्वच्छ पांढरा रुमाल बांधला होता.

अक्का फार वाळल्या होत्या. मला पाहून उठून बसायचा प्रयत्न केला. पदर डोक्यावर ओढला, केस सारखे केले आणि दोन्ही हात पुढे, एकावर एक, ओंजळ करून धरले. आम्ही भाकर घेताना धरतो तसे. मी गोंधळून उभी राहिले.

"त्यात काय आहे?" त्यांनी विचारलं.

"सार आहे, अक्का. आणि मऊ भात."

त्यांनी हात हळूच पांघरुणाखाली घेतले. "हं. मला वाटलं, अण्णांनी भाकर पाठवली."

मी पलंगाशी बसून रडले. सगळं सांगितलं. आईनं मला काय सांगितलं आणि मी तिला कसं थांबवलं. त्या ऐकत होत्या. मध्ये एकदा स्वल्प पाणी मागितलं. मग म्हणाल्या, "तू थांबवलंस, ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तुझ्या आईला धीर होत नाही." थोड्या वेळानं म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. तिच्यावर उगाच रुसले होते मी."

त्यांनी मला क्षमा केली की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. त्या रागावल्या नाहीत, एवढं खरं.

मी तडक अप्पांकडे गेले. ते ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. आई आत भांडी घासत होती. मी म्हटलं, "अक्का फार दिवस काढणार नाहीत. पाळकसाहेब आहेत तोवर त्यांना प्रभुभोजन द्या."

अप्पांनी चष्मा काढला. त्यांचेही डोळे भरले होते. "द्यायचं तर आहे गं. माझ्या का मनात नाही? तिनं नाव सांगितलं का?"

आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. आई ऐकत होती. मी काय बोलते, याची ती वाट पाहत होती. माझ्या डोळ्यांपुढे सासऱ्यांचा चेहरा आला, मुलांची नावं आली, वर्गातली मुलं आली. नाव माझ्या ओठांवर होतं, आणि ते एकच नाव नव्हतं. आता त्यात माझंही होतं.

"नाही," मी म्हटलं.

अप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "मग एकासाठी नियम वाकवून कसं चालेल?" असं म्हणून ते उठले. पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी हुबळीला गेले. अक्का त्याच आठवड्यात शुक्रवारी गेल्या.

अप्पांना मी बरीच वर्षं मनात दोष दिला. आता देत नाही. खरं कळलं असतं तर त्यांनी स्वतःच्या बायकोला मागच्या बाकावर बसवलं असतं, त्यात शंका नाही. तीन महिने ते तिच्याशी नीट बोलले नसते. आणि मग तिला आणि अक्कांना दोघींना एकदम पुढे आणलं असतं आणि सर्वांसमोर रडले असते. एवढंच झालं असतं. देवाचा न्याय कठोर असतो, असं आम्ही सगळे म्हणत होतो. पण अक्कांना ज्यानं बाहेर ठेवलं तो न्याय नव्हता. तोंड पाहून, माणूस पाहून, सोय पाहून मी जे केलं, ते होतं. लहानपणापासून मी ज्याच्या विरुद्ध बोलत आले, नेमकं तेच.

अक्कांना पुरल्यानंतरच्या प्रभुभोजनाला आई उठली आणि मागे जाऊन बसली. ताट आलं तेव्हा तिनं मान हलवून नको म्हटलं. घरी अप्पांनी विचारलं, तर म्हणाली, "माझी तयारी झालेली नाही." पुढची सात वर्षं, जाईपर्यंत, तिनं भाकर घेतली नाही. अप्पांना वाटलं, मैत्रिणीचं दुःख आहे. त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. तिनं स्वतःला शिक्षा केली, पण माझं नाव तिनंही घेतलं नाही.

अप्पा गेले, पंच बदलले. आता आमच्या मंडळीला स्वतःचा हॉल आहे. तयारीची सभा अजून होते. कुणीतरी तरुण पंच उभा राहून, कुणाच्या मनात काही आहे का, असं विचारतो आणि घड्याळाकडे पाहतो. मी पुढच्या बाकावर असते. रविवारी ताट आधी माझ्यापुढे येतं, कारण मी सगळ्यांत वयानं मोठी. मी हात पुढे करते आणि भाकर घेते. मला कुणी कधी थांबवलं नाही. माझ्याविषयी उभं राहून सांगणारं कुणी उरलेलंच नाही.